इलियमच्या कार्सिनॉइडचं ऑपरेशन: फॉलोअप ५ वर्षांनी थांबवायचा का?

तालुका_दवाखाना: रुग्ण ५२ वर्षांचा. इलियमची (लहान आतड्याचा शेवटचा भाग) कार्सिनॉइड गाठ, म्हणजे हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींची, हळू वाढणारी; ग्रेड १, केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात त्याचं माप) २%. १८ पैकी ४ लिम्फ नोड पॉझिटिव्ह, कापलेल्या कडा गाठीपासून मोकळ्या, यकृत स्वच्छ. उजवं कोलन आणि इलियमचे शेवटचे ४० सेंमी काढले, त्याला २ वर्षं झाली. आता दिवसाला ५-६ जुलाब आणि क्रोमोग्रॅनिन ए (या गाठीची रक्तातली खूण) दुप्पट. पँटोप्रॅझोल (ॲसिड कमी करणारी गोळी) रोज चालू. आजार उलटला का?

सर्जरी_ओपीडी: पँटोप्रॅझोलवर असताना त्या आकड्याला अर्थ नाही. ॲसिड घटलं की गॅस्ट्रिन (जठराचं हॉर्मोन) वाढतं, त्यामागोमाग क्रोमोग्रॅनिन. गोळी २ आठवडे बंद ठेवून त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची तपासणी) बघा.

५ वर्षांचा नियम मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा. तो इथे लावू नका. हा आजार आठव्या, बाराव्या वर्षीही डोकं वर काढतो, म्हणून किमान १० वर्षं, जमल्यास कायम. आधी ६ ते १२ महिन्यांनी, मग १-२ वर्षांनी सीटी. त्यात आर्टेरियल फेज (रंगद्रव्य धमन्यांत असतानाची चित्रं) मागून घ्या, यकृतातले छोटे डाग बऱ्याचदा त्यातच दिसतात. शंका आली तर डोटाटेट पेट (अशा गाठी शोधणारा स्कॅन).

आतडं_आणि_आहार: जुलाब जेवणानंतर, घाईचे, आणि उपाशी असताना थांबतात? मग बहुधा पित्तक्षारांचे. इलियमचा शेवटचा भाग गेला की ते शोषले न जाता कोलनमध्ये उतरतात. कोलेस्टिरामिन (पित्तक्षार बांधून ठेवणारी पावडर) ४ ग्रॅम नाश्त्याआधी सुरू करून बघा. बाकीची औषधं तासभर आधी किंवा ४-६ तासांनी. आतडं १०० सेंमीहून जास्त गेलं असेल तर मात्र याने चरबीचे जुलाब वाढतात. बी१२ दरवर्षी तपासा.

कार्सिनॉइडचे जुलाब रात्रीही उठवतात, सोबत चेहरा लाल होतो. यकृतात प्रसार नसताना ते क्वचितच; गाठीतून सुटणारं सेरोटोनिन यकृतातच मोडतं. तरी खात्री हवी तर २४ तासांच्या लघवीत ५-एचआयएए (सेरोटोनिन मोडून बनणारा पदार्थ) मोजा. त्याआधी ३ दिवस केळी, अननस, टोमॅटो, वांगं, अक्रोड बंद. पॅरासिटामॉल आणि ग्वायफेनेसिनचं खोकल्याचं औषधही बंद, नाहीतर आकडा फसवतो.

तालुका_दवाखाना: नातेवाईक विचारतात, खबरदारी म्हणून ऑक्ट्रिओटाइड (या गाठींचे हॉर्मोन रोखणारं इंजेक्शन) सुरू करायचं का?

सर्जरी_ओपीडी: गाठ पूर्ण निघाली असेल तर नाही. ऑक्ट्रिओटाइडच्या २००९ च्या प्रोमिड चाचणीत गाठ वाढायला ६ ऐवजी १४.३ महिने लागले, पण ते रुग्ण शरीरात आजार शिल्लक असलेले होते. इथे फायदा सिद्ध नाही. पित्ताशयात खडे आणि चरबीचे जुलाब मात्र पदरात पडतील.