मदत हवी आहे: या पांढऱ्या फुलाचं नाव काय? (तातडीचं)

रेवा_सातारा: कॅलेंडरसाठी फुलांची चित्रं काढलीत. सगळी पानं तयार आहेत, फक्त ऑगस्टच्या फुलाचं नाव अडलंय. पांढरं, पाच पाकळ्यांचं, ओलसर जागेत येतं. वीतभर उंच देठ, एका देठाला एकच फूल. छापखानेवाले संध्याकाळपर्यंतच थांबणार आहेत. चुकीचं नाव छापायचं नाहीये. माहीत असेल त्यांनी लगेच सांगा.

कासप्रेमी: गेंद. सप्टेंबरात कासचा सडा पांढरा होतो तो त्यानेच.

रानवाटा: गेंदाला अशा सुट्या पाच पाकळ्या कुठे दिसतात? बारीक फुलांचा गोल गुच्छ असतो तो. रेवाताई, फोटो टाका. आणि पानं कशी आहेत?

रेवा_सातारा: फोटो अपलोड होत नाहीये. पाकळ्यांवर हिरवट शिरा आहेत. आत बारीक झालर आणि झालरीच्या टोकांना पिवळे चमकणारे थेंब.

मिरजकर: थेंब आहेत म्हणजे दवबिंदू. कीटक खाणारी वनस्पती. कासला भरपूर.

रानवाटा: दवबिंदूचे चिकट थेंब पानांवर असतात, फुलात नाही. ताई, हे फूल नक्की कुठलं?

रेवा_सातारा: कासचं आहे असं मी कुठे म्हटलंय? बहीण नॉर्वेत ट्रॉम्सोला असते. तिने ऑगस्टमध्ये तिथल्या पाणथळ माळावरचे फोटो पाठवले, त्यावरून चित्र काढलं.

कासप्रेमी: साताऱ्याच्या कॅलेंडरवर नॉर्वेचं फूल कशाला? कास २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं. वायतुरा काढा, सीतेची आसवं काढा. वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे.

मिरजकर: कासवरून आठवलं, शनिवारचं बुकिंग ऑनलाइनच करावं लागतं का?

सांगलीचे_काका: नॉर्वे म्हणजे क्लाउडबेरी. मुलगा तिकडे होता, जॅम आणला होता त्याने. दलदलीत येते, पांढरं फूल, देठाला एकच. लिहून टाका.

रानवाटा: काका, क्लाउडबेरीला पुंकेसर भरपूर असतात आणि झालर नसते. पान रुंद, खाचांचं, सुरकुतलेलं. शिवाय ऑगस्टमध्ये तिची फळं पिकतात.

सांगलीचे_काका: थंडी लांबली की फुलंही लांबतात. मुलाने प्रत्यक्ष पाहिलंय.

रानवाटा: हंगाम बाजूला ठेवू, पानावरून ठरवू. ताई, देठावर एकच पान आहे का, देठाला बिलगलेलं? बुडाशी बदामाच्या आकाराची पानं? पुंकेसर किती?

रेवा_सातारा: हो, देठाला कवटाळून एकच पान. बुडाशी बदामी. पुंकेसर पाच: एक मधोमध वाकलेला, दोन बाहेर कलंडलेले, त्यांची टोकं गळलीत. दोन अजून आखूड. आता सांगा ना!

रानवाटा: पार्नासिया पालुस्ट्रिस. शंकाच नको. याचे पुंकेसर एकदम पिकत नाहीत. एकेक उभा राहतो, मध्ये वाकतो, पराग देऊन बाजूला होतो. तुमच्या फोटोत तेच चाललंय. ते चमकणारे थेंब मधाचे नाहीत, कोरडे आहेत. माश्या त्या चकाकीला भुलून येतात. खरा मध असतो थोडासाच, झालरीच्या बुडाशी. बहुवर्षायू आहे, उत्तरेकडच्या थंड, ओलसर माळांवर येतं. आणि आपल्या मालकांगणीच्याच कुळातलं आहे!

डोंगरभटक्या: व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला हेच पाहिलंय. पार्नासिया नुबिकोला लिहा, आपल्या देशातलं तरी होईल.

रानवाटा: वंश एकच, जात वेगळी. नुबिकोला हिमालयातली. फोटो ट्रॉम्सोचा आहे, मग नाव पालुस्ट्रिसच जायला हवं.

बागवान: कुंडीत लावायचं असेल तर माती सतत ओली ठेवा. पण साताऱ्याच्या एप्रिल-मेमध्ये जगायचं नाही, त्यापेक्षा सोनटक्का लावा. पांढरा, सुवासिक, ओल मानवते.

रेवा_सातारा: लावायचं नाहीये, छापायचंय. रानवाटा, मनापासून आभार. नाव पाठवलं. खाली बारीक अक्षरात 'ट्रॉम्सो, नॉर्वे' टाकलंय, म्हणजे कुणी कासला शोधत फिरणार नाही.

कासप्रेमी: सप्टेंबरच्या पानावर काय आहे?

रेवा_सातारा: गेंद.