मॅटप्लॉटलिबमध्ये आलेखाची आतली चौकट ठरावीक मापाची कशी ठेवायची?
मॅटप्लॉटलिब या पायथॉनमधल्या आलेख काढायच्या लायब्ररीबाबत मदत हवी आहे. अहवालात दोन आलेख शेजारी-शेजारी बसवायचेत, दोन्हींची आतली चौकट (आकडे-नावं सोडून फक्त अक्षांमधला भाग) तंतोतंत ८ बाय ६ सेंटिमीटर हवी. फिगसाइझ इंचांत देऊन पाहिला, पण त्याने फक्त बाहेरचं माप ठरतं. एकाच्या उभ्या अक्षावर ०.५, दुसऱ्याच्या १०००००. टाइट लेआउट (समास आपोआप जुळवणारी सोय) लावला की त्या लांब आकड्यांना जागा देताना दुसऱ्याची चौकट आक्रसते. सेव्ह करताना बीबॉक्स टाइट (पान आलेखाच्या कडेपर्यंत आपोआप कापणारा पर्याय) दिला तर चौकट टिकते, पण पानाचं मापच बदलतं आणि अहवालात रुंदीला बसवताना सगळं पुन्हा लहान-मोठं होतं. अ‍ॅस्पेक्ट इक्वल (दोन्ही अक्षांवर एका एककाची लांबी सारखी ठेवणं) चालणार नाही, आडवा अक्ष सेकंदांत आणि उभा पास्कलमध्ये आहे. असे चाळीसेक आलेख स्क्रिप्टमधून थेट पीडीएफ होतात, त्यामुळे हाताने कापणं शक्यच नाही. समास आकड्यांप्रमाणे कमी-जास्त झाला तरी चौकट तेवढीच राहील, असं कसं करायचं?