सासऱ्यांची किडनी अधू: डाळी-भाज्या सगळंच बंद करायचं का?

सांगलीची सून:
सासरे ६८ वर्षांचे, वजन ६० किलो. शुगर नाही, बीपीला टेल्मिसार्टन चालू. रक्तात क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा कचरा) २.९, पोटॅशियम ५.६, दोन्ही जास्त. डायलिसिस नाही. डॉक्टर म्हणाले, "प्रोटीन, पोटॅशियम जपून," आणि पुढचा नंबर पुकारला. तेव्हापासून घरी जो येतो तो एकेक पदार्थ बंद करून जातो. मामंजींना आमटीशिवाय भाकरी उतरत नाही. आता अर्ध्या भाकरीवर आलेत. ताटात वाढू तरी काय?

वारणेचा वाघ:
रोज सकाळी शहाळं द्या, किडनी धुऊन निघते. आणि मिठाऐवजी ते कमी सोडियमचं मीठ आणा.

गोदाक्का:
वाघोबा, हे दोन्ही सल्ले मागे घ्या. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि त्या मिठात सोडियम कमी करायला पोटॅशियम क्लोराईडच घातलेलं असतं. ५.६ वाल्या माणसाला हे देऊ नका.

सूनबाई, आमच्या ह्यांचं जेवण मी असंच सांभाळते. डाळ बंद नाही, मोजून. डायलिसिस आणि शुगर नसेल तर किलोमागे साधारण ०.६ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे मामंजींना दिवसाला ३६ ग्रॅम. ३० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सात ग्रॅमच्या आत-बाहेर. बाकीचं भाकरी, भात, थोडं दूध. बसतं की! उपाशी ठेवलंत तर अंगातलं मांस झडेल, ते जास्त वाईट. अधू किडनीत फॉस्फरसही साचतं, पण डाळीतलं पूर्ण अंगी लागत नाही. बाटलीबंद कोल्ड्रिंकमध्ये आणि पाकिटातल्या पदार्थांत वरून घातलेलं मात्र जवळजवळ सगळं शोषलं जातं.

पोटॅशियम कमी करायला डाळ रात्री भिजवून पाणी ओता. कुकरात नको, पातेल्यात भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी काढून टाका, मग फोडणी. बटाटा सोलून, बारीक चिरून, उकडून, पाणी फेकून. नुसतं भिजवून फारसं जात नाही, उकळायलाच हवं. दुधी, दोडका, कोबी, काकडी बिनधोक. पालक आणि टोमॅटो तूर्त बाजूला. आंबटपणाला लिंबाचे चार थेंब.

येळवण्याची (डाळ शिजवलेल्या पाण्याची) आमटी मात्र बंद! डाळीतून निघालेलं सगळं त्या पाण्यातच असतं. आमच्याकडे ह्यावरून अजून रुसवे चालतात.

बोरिवलीचा भाऊ:
टेल्मिसार्टननेही पोटॅशियम चढतं. गोळी स्वतःहून थांबवू नका, पण रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना पुन्हा विचारा. सहाच्या वर गेलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. हृदयाचे ठोके बिघडतात, आणि कधी कधी आधी काही जाणवतही नाही. करमळंही (स्टार फ्रूट) नकोत, किडनीच्या माणसाला त्यातलं विष मेंदूवर चढतं.

सांगलीची सून:
येळवणी ऐकून मामंजींनी तोंड फिरवलं. मग पुरणपोळी तरी चालेल का?

गोदाक्का:
सणाला एखादी चालेल. पुरणाच्या डाळीचं पाणी काढलेलंच असतं. फक्त गुळात पोटॅशियम असतं, साखर घाला. आणि त्या दिवशी वरण नको.