मदत हवी आहे: बोटीच्या डिझेल इंजिनातून तेल नेमकं कुठून गळतंय?

नमस्कार मंडळी. बोटीच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाखाली महिनाभर काळं तेल साचतंय. बंद असताना थेंबही नाही. अर्धा तास चालून गरम झालं की गळती सुरू.

आधी डिझेलचा संशय होता. पण बोटावर चोळलं की चिकट लागतं, डिझेलचा वास नाही, आणि डिपस्टिकवरची पातळी दर खेपेला उतरते. म्हणजे इंजिन ऑइलच. गिअरबॉक्सचं तेल मात्र जसंच्या तसं. सगळं इंजिन धुऊन-पुसून कोरडं केलं, खाली पांढरा कागद पसरला. पहिला डाग फ्लायव्हीलच्या बाजूला, बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं आवरण) पडला. रॉकर कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, गॅस्केट कोरडं आहे. खाऱ्या पाण्याच्या पंपाला दोन सीलमध्ये जे बारीक भोक असतं, तिथूनही काही येत नाही.

मागचं क्रँकशाफ्ट सील (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा बाहेर येतो तिथे तेल अडवणारी कडी) गेलं असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि जागा फारच अरुंद आहे. पण ब्रीदर (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी वाट) तुंबला तरी क्रँककेसमधला, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीतला, दाब वाढून चांगलं सीलही तेल सोडतं ना? ऑइल फिलरचं झाकण उघडलं की धुराचे फुत्कार येतात. हे ब्रीदरमुळे की पिस्टनच्या रिंगा झिजल्यामुळे, कसं ओळखायचं? कोणी स्वतः हे काम केलं असेल तर कृपया सांगा. तेल समुद्रात जाऊ नये म्हणून तूर्त इंजिनाखाली शोषक पॅड ठेवलेत.