मदत हवी आहे: सासूबाईंच्या संध्याकाळच्या मराठी मालिका नव्या घरात कशा सुरू करू? (बडोदे)

सुरसागरकाठ:
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळायचा नाही.

आम्ही दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून गोत्रीला फ्लॅटमध्ये राहायला आलो. घरी सासूबाई आहेत, पंचाहत्तरीच्या पुढे, तब्येत बरी, कान शाबूत, फक्त गुडघे कुरकुरतात म्हणून खाली-वर फार करत नाहीत. त्यांची संध्याकाळ ठरलेली असते. देवाजवळ दिवा लावला, स्तोत्रं झाली की टीव्हीसमोर बसायचं, एकामागून एक मालिका, मध्ये जाहिराती लागल्या की भाजी निवडायची नाहीतर कुकर लावायचा, शेवटची मालिका संपली की पानं घ्यायची. जुन्या गल्लीत अर्धी घरं मराठी होती त्यामुळे तिथला केबलवाला सगळे मराठी चॅनेल ठेवायचाच, कधी एखादा बंद पडला तर पाच बायका एकदम फोन करायच्या. इथे सोसायटीत जो केबलवाला आहे तो म्हणतो, हिंदी-गुजराती पॅक आहे, मराठी चॅनेल त्या पॅकमध्ये नाही.

म्हणून ह्यांनी स्मार्ट टीव्ही घेतला, नेट होतंच, अ‍ॅप टाकली, पैसे भरले. म्हणजे मालिका सगळ्या घरात आहेत. पण आईंना त्या बघता येत नाहीयेत! टीव्ही लावला की आधी सिनेमांची मोठी मोठी पोस्टर येतात, मग कोण बघतंय ते विचारतात, मग अ‍ॅप शोधायचं, अ‍ॅपमध्ये मालिका शोधायची, मालिकेत आजचा भाग शोधायचा. बटण जरा इकडचं तिकडे दाबलं गेलं की मागच्या आठवड्यातला भाग सुरू होतो आणि तो बघितलेला आहे हे कळेपर्यंत दहा मिनिटं गेलेली असतात. मी ऑफिसातून येते साडेसातला, हे त्याच्याही नंतर. मुलगा क्लासला. सुरुवातीला त्या आम्हाला म्हणायच्या, लावून दे गं जरा. आता म्हणत नाहीत. मी घरी येते तेव्हा टीव्ही बंद असतो आणि त्या झोपाळ्यावर बसलेल्या असतात, विचारलं तर म्हणतात, काही खास नव्हतं आज. मला हे फार लागतंय. ज्या बाईने आयुष्यभर घरातल्या प्रत्येकाच्या वेळा सांभाळल्या तिला स्वतःच्या करमणुकीसाठी कुणाची तरी वाट बघावी लागावी हे बरोबर नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आमच्या शेजारच्या मावशी. वर्षानुवर्षं दोघी एकत्र बघायच्या, एकदा आमच्याकडे एकदा त्यांच्याकडे. मावशी आता लेकीकडे नाशिकला असतात. त्या गेल्यावरही दोघींनी सोडलं नव्हतं, तिकडे मावशी इकडे आई, एकाच वेळी तीच मालिका, आणि जाहिराती लागल्या की फोन. आता मावशींच्या लेकीनेही अ‍ॅप घेतलंय आणि त्यात पैसे भरलेल्यांना भाग टीव्हीवर लागायच्या आधीच दिसतो, शिवाय मध्ये जाहिरात नाही. झालं काय, मावशी एक भाग पुढे आणि आई दोन भाग मागे, फोनवर बोलायचं तरी काय? मावशी एकदा सहज पुढचं सांगून गेल्या, तेव्हापासून दोघीही मालिकेचा विषय टाळतात.

बाहेरच्या लोकांना वाटेल एवढं काय मालिकांचं. पण गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाला विचारा. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ ला सुरू झालं, पण आमच्या छपरावरच्या अँटिनाला मुंबई कुठली दिसायला. चिमणराव-गुंड्याभाऊबद्दल आईंनी मुंबईच्या नणंदेकडून फक्त ऐकलं होतं. घरात रोज मराठी ऐकू यायला लागलं ते केबल आल्यावर, आणि खरं म्हणजे १९९९ च्या १५ ऑगस्टला अल्फा मराठी सुरू झालं तेव्हापासून. आभाळमाया, मग टिपरे, मग वादळवाट. माझ्या नणंदेचं मराठी शाळेत नाही, आईंच्या शेजारी बसून टीव्हीसमोर पक्कं झालंय.

तर आईंना एका रिमोटवर, एक-दोन बटणांत, ठरलेल्या वेळी ठरलेला चॅनेल लागेल असं काही करता येईल का? डिश घ्यावी का, घेतली तर मराठी चॅनेल मिळतील का, आणि टिपरेसारख्या जुन्या मालिका आता कुठे बघायला मिळतात? कृपया चोरीच्या साइट सुचवू नका.

रावपुऱ्याचा:
ताई, पहिलं म्हणजे केबलवाल्याला परत फोन करा आणि प्रश्न बदलून विचारा. "पॅकमध्ये नाही" आणि "आमच्याकडे नाही" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायचा, म्हणजे केबल-डिशवाल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे की ऑपरेटरच्या सिस्टीमवर जो चॅनेल येतो तो ग्राहकाने मागितला तर सुटा द्यावाच लागतो, पॅक घ्यायची सक्ती नाही. ते स्वतःहून सांगत नाहीत कारण पॅक विकणं त्यांना सोपं पडतं. पॅकमध्ये जे चॅनेल घालतात त्यांची सुटी किंमत महिन्याला १९ रुपयांच्या वर नसते, जीएसटी वेगळा, म्हणजे चार मराठी चॅनेल घेतले तरी हिशोब करा. नेटवर्कचे पैसे वेगळे असतात ते तुम्ही भरतच असाल.

त्यांच्याकडे खरंच नसतील तर डीटीएच, म्हणजे स्वतःची डिश. तिथेही सुटे चॅनेल मिळतात, बडोद्यात बसून झी मराठी घ्या नाहीतर तमिळ घ्या, डिशला राज्य कळत नाही. अगाशीवर छत्री लावू देतात का सोसायटीत? आणि तुमची गॅलरी कुठल्या दिशेला आहे?

सुरसागरकाठ:
धन्यवाद, हे माहीतच नव्हतं, उद्याच फोन करते. गॅलरी पश्चिमेला. अगाशीचं चेअरमनना विचारावं लागेल.

रावपुऱ्याचा:
पश्चिमेच्या गॅलरीत जमणार नाही. ह्या डीटीएचचे उपग्रह बडोद्याहून साधारण आग्नेयेच्या बाजूला येतात, त्या बाजूचं आकाश मोकळं पाहिजे. म्हणजे अगाशीच, आणि तिथून तुमच्या मजल्यापर्यंत वायर. दूरदर्शनच्या फ्री डिशचा विचार असेल तर तेही सांगून ठेवतो, तिला महिन्याचे पैसे नाहीत आणि सह्याद्री मिळतं, पण आईंना ज्या मालिका हव्यात त्यांचे पे चॅनेल तिथे नाहीत. बाकीचे खाजगी चॅनेल लिलावाने येतात-जातात, आज आहे तो पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

केतकी_औंध:
मला वेगळं वाटतं, राग मानू नका. माझी आजी ऐंशीची आहे आणि ती बोलून मालिका शोधते, रिमोटवरचं माइकचं बटण दाबून नाव घेते. अ‍ॅपवर तिचा फायदाच झालाय, दुपारी झोप लागली, कुणी भेटायला आलं, तर मालिका हुकत नाही. पूर्वी पाहुणे आले की बिचारी अर्ध लक्ष टीव्हीकडे ठेवून बसायची. नवीन घर, नवीन टीव्ही, सगळं एकदम आलंय म्हणून तुमच्या आई बावरल्या असतील. थोडे दिवस शेजारी बसून शिकवलं तर जमेल, ज्येष्ठांना जमत नाही असं आपणच धरून चालतो.

सुरसागरकाठ:
राग कशाला. पण जमत नाही असं नाही हो, त्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल स्वतः लावतात. त्यांना निवडायचं नाहीये. त्यांना आठ वाजले की आठची मालिका समोर आलेली हवी असते, आणि आपल्यासारखंच त्या वेळी नाशिकला, पुण्याला, इंदूरला लोक तेच बघतायत हे हवं असतं. मावशींबरोबरचं सगळं त्यावरच उभं होतं. हुकलेला भाग नंतर बघायला अ‍ॅप छानच आहे, ते मी काढणार नाहीये.

तंत्रस्नेही_काका:
मी स्वतः एकाहत्तरचा, म्हणून आईंचं म्हणणं मला पटलं. उपाय सांगतो. केबलचा किंवा डीटीएचचा जो बॉक्स असेल तो एचडीएमआयने टीव्हीला जोडा. आता बऱ्याच स्मार्ट टीव्हीत अशी सोय असते की टीव्ही चालू केल्यावर पोस्टरांचं पान न येता शेवटी जो इनपुट होता तोच थेट लागतो. सेटिंगमध्ये पॉवर किंवा चालू होण्याबद्दल जो भाग असतो तिथे शोधा, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. ते केलंत की टीव्ही लावला की सरळ बॉक्सचं चित्र, आणि बरेचसे बॉक्स शेवटच्या चॅनेलवरच उघडतात.

मग रिमोट. बॉक्सचे बरेचसे रिमोट टीव्हीची चालू-बंद आणि आवाजाची बटणं शिकून घेतात, बॉक्सबरोबरच्या कागदावर कृती असते, नाहीतर बसवायला येणाऱ्या मुलाकडून करून घ्या, तो जायच्या आत. मग टीव्हीचा रिमोट कपाटात. बॉक्समध्ये फेवरिटची यादी असते, तीत फक्त आईंचे चार चॅनेल टाका. चॅनेलचे नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला लावा, माझ्या सौभाग्यवतींनी तसंच केलंय आणि आमच्याकडे आता मला कुणी हाक मारत नाही.

लाईट जाऊन आली की बॉक्स चालू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, तेवढं आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल आपलंच काही चुकलं.

नाशिकची_लेक:
मी मावशींच्या लेकीच्या जागी आहे असं समजा, माझीही आई माझ्याकडे राहते आणि तिची मैत्रीण ग्वाल्हेरला लष्कर भागात. आम्ही काय केलं, दोघींना टीव्हीच्याच वेळेला बसवलं, अ‍ॅपवर भाग आधी आला तरी आई बघत नाही. तिला सांगायची गरजच पडली नाही, मैत्रिणीबरोबर बघण्यातली मजा तिला जास्त होती. मावशींच्या लेकीशी तुम्ही एकदा बोलाच, तिने आईच्या सोयीसाठीच अ‍ॅप घेतलं असणार, त्यामुळे इकडे काय झालं ते तिला कळलंच नसेल. आणि जाहिरातींचं तुम्ही लिहिलंत ते वाचून गलबलून आलं, आमच्याकडे अगदी हेच, जाहिरात लागली की फोन, सुरू झालं की ठेव ठेव.

रावपुऱ्याचा:
जुन्या मालिकांचं राहिलं. झी मराठीच्या, म्हणजे आधीच्या अल्फाच्या, बऱ्याच जुन्या मालिका झी५ वर आहेत, टिपरे तिथे शोधा. दूरदर्शनच्या जुन्या गोष्टींसाठी यूट्यूबवर सह्याद्रीचं आणि प्रसार भारती आर्काइव्हजचं चॅनेल आहे, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसार भारतीने वेव्हज नावाचं स्वतःचं अ‍ॅप काढलंय. चिमणराव पूर्ण मिळेल अशी आशा मात्र धरू नका, त्या काळी टेप महाग होत्या आणि त्याच टेपवर पुन्हा रेकॉर्डिंग करायचे, बरंच पुसलं गेलं. पण आईंना एवढं सांगा की नणंदेकडून ऐकलेले चिमणराव म्हणजेच टिपरेतले आबा, दिलीप प्रभावळकर. म्हणजे त्यांनी अर्धे चिमणराव बघितलेच आहेत!

सुरसागरकाठ:
सगळ्यांचे खूप आभार. केबलवाल्याला तुम्ही सांगितलं तसंच विचारलं, सुटे द्या म्हटलं. आधी पॅकचंच सांगत होता, मग म्हणाला येतात, नंबर सांगतो. आईंचे सगळे चॅनेल त्याच्याकडे आहेत. म्हणजे छत्री नको, चेअरमन नको. मावशींच्या लेकीशीही बोलले, तिला खरंच कल्पना नव्हती, ती म्हणाली उद्यापासून आठलाच लावते. आबांचं ऐकून आई केवढ्या खूश झाल्या, त्यांनी लगेच नणंदेला फोन लावला.

एक शेवटचं विचारते, अधूनमधून आम्ही लग्नाकार्याला जातो तेव्हा त्या बॉक्सवर भाग रेकॉर्ड करता येतात का? आईंना अ‍ॅपवर बघायचं नाही असं नाही, पण रेकॉर्ड केलं तर मावशींनाही पाठवता येईल असं मुलगा म्हणतोय.

तंत्रस्नेही_काका:
बॉक्सला मागे यूएसबीची जागा असेल आणि ऑपरेटरने ती सोय चालू ठेवली असेल तर पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्ड होतं. पण ते त्याच बॉक्सवर दिसतं, दुसरीकडे कॉपी केलं तर उघडत नाही, म्हणून नाशिकला पाठवता येणार नाही. लग्नाला जाताना दोघींनी ठरवून आल्यावर अ‍ॅपवर एकत्र बघावं, ते सोपं. टीव्ही कुठल्या कंपनीचा आहे ते लिहा, चालू होण्याची सेटिंग नेमकी कुठे सापडेल ते बघून सांगतो.

सुरसागरकाठ:
काका, सापडली सेटिंग, मुलाने शोधली, आता सरळ बॉक्सच लागतो. रिमोटला शिकवायचं काम राहिलंय, केबलवाल्याचा मुलगा शनिवारी चॅनेल चालू करायला येतोय तेव्हा त्याच्याकडूनच करून घेते. कागदावर नंबर आईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेत.