मदत हवी आहे: चार वर्षं डायलिसिसवर असलेल्या अप्पांशी कोण बोलेल? (पुणे)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझे वडील, वय ६४, पीएमटीत कंडक्टर होते. शुगरने दोन्ही किडन्या गेल्या. मंगळ-गुरु-शनि पहाटेची शिफ्ट, चार-चार तास. आम्ही धायरीला, हॉस्पिटल गावात, साडेपाचला रिक्षा दारात. खर्चाचं महात्मा फुले योजनेत बऱ्यापैकी भागतंय, तेव्हा प्रश्न पैशाचा नाही.

दीड महिन्यापूर्वी त्यांच्या शेजारच्या बेडवरचे काका यायचे बंद झाले. तीन वर्षं दोघं क्रिकेटवरून भांडायचे. 'त्यांनी सेंटर बदललं' असं स्टाफने सांगितलं आणि अप्पांनी पुढे काही विचारलं नाही. नंतर दोनदा डायलिसिस बुडवलं. दुसऱ्या वेळी रात्री आडवं होता येईना, तीन उशा लावून बसले होते. फुप्फुसात पाणी झालेलं, तसंच इमर्जन्सीत पळवलं.

घरी त्यांच्या फुलपात्राला आईने नेलपेंटची रेघ मारलीय. दिवसभरात पाणी किती झालं याचा हिशोब अप्पा कालनिर्णयवर टिंबं देऊन ठेवायचे, अगदी वेबिल भरल्यासारखा. रोज सकाळी फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी हातात ऑपरेशन करून जोडलेल्या शिरेची, थरथर बघायची म्हणून माझा हात धरून त्यावर ठेवायचे, म्हणायचे, "बघ, इंजिन चालू आहे." आता टिंबंही नाहीत आणि हातही पुढे येत नाही. परवा आईला म्हणाले, "बास झालं आता. नका नेऊ मला."

आता जे लिहायला जड जातंय ते. पहिल्या डिस्चार्जला आहाराचा कागद मिळाला होता, तोही इंग्रजीत. केळं नको, शहाळं नको, पालेभाजी उकळून पाणी फेका, हे सगळं आम्हाला पाठ आहे. पण प्रत्यारोपण झालं नाही तर हे कायमचं आहे, मशीन किडनीचं काम करतं, किडनी बरी करत नाही, हे त्यांच्यासमोर बसून मराठीत कुणी सांगितलं नाही. आम्हीसुद्धा नाही. "अजून किती दिवस गं?" विचारलं की मी चार वर्षं "थोडेच" म्हणत आलेय. प्रत्यारोपणाचं म्हणाल तर आईला शुगर आहे. मी द्यायला तयार आहे, पण "तुला दोन लेकरं आहेत" म्हणून तो विषयच तोडतात. झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या केंद्राच्या, यादीत नाव आहे.

तर किडनीच्या पेशंटशी बोलायची सवय असलेला, मराठी बोलणारा समुपदेशक कसा शोधायचा? 'वेड्यांच्या डॉक्टरकडे नेता काय' असं ते म्हणणार हे धरूनच सांगा. आणि इतक्या उशिरा खरं सांगायचं तर कोणी सांगायचं?

प्रतिसाद १

ताई, मी स्वतः सात वर्षं मशीनवर आहे. बाहेर शोधायच्या आधी हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर आहेत का विचारा. त्यांना बेडपाशीच येऊ द्या, म्हणजे 'डॉक्टरकडे नेलं' असं होत नाही. फक्त पहिल्या दोन तासांत. शेवटच्या तासाला बीपी पडतं, पायात गोळे येतात, तेव्हा देव आला तरी बोलावंसं वाटत नाही.

दुसरं, पाण्यावरून टोकणं बंद करा, मीठ धरा. लोणचं-पापड-फरसाण सुटलं की तहानच कमी लागते. पण बाजारातलं लो-सोडियम मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं.

त्या काकांचं काय झालं ते मात्र सांगा त्यांना. आम्हाला रिकामा बेड दिसतो हो.

प्रतिसाद २

'नका नेऊ' याला नाटक समजू नका. नेफ्रोलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, हेच शब्द जसेच्या तसे सांगा, पुढच्या शिफ्टची वाट न बघता. हिमोग्लोबिन उतरलं किंवा डायलिसिस अपुरं पडत असलं तरी माणूस असाच मलूल होतो, म्हणून तेही तपासून घ्या. मनासाठी गोळी लागली तर किडनी बघून देतात, मनाने काही देऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आधी तुम्ही आणि आईने लावून बघा, तुम्हालाही गरज दिसतेय.

धागाकर्ती

दोघांचे आभार. डॉक्टरांना आत्ता फोन केला, उद्याच बोलावलंय. सोशल वर्कर आहेत, दुसऱ्या मजल्यावर बसतात. चार वर्षांत त्यांच्याकडे फक्त योजनेच्या सह्यांना गेले होते! शनिवारी सातच्या सुमारास येते म्हणाल्या. काकांचं मीच सांगणार आहे, त्याआधी, बहुधा रिक्षात.