मदत हवी आहे: ट्रान्सप्लांटनंतर ईबीव्ही वाढला, मानेत गाठ. रिटुक्सिमॅब नाशकात घेता येईल का?

नमस्कार मंडळी, नाशिकरोडहून लिहितोय. धाकट्या भावाला एएमएल (रक्ताचा कॅन्सर) होता, मुंबईला बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, स्टेम सेल ताईच्या. रक्तपेशींचे काउंट वर आले, घरी आलो, आणि तिसऱ्या महिन्यात बारीक ताप सुरू झाला, मग मास्कची दोरी कानामागे अडकवताना त्यालाच जबड्याखाली सुपारीएवढी गाठ लागली. आम्हाला वाटलं संपलं, कॅन्सर परत आला. बायोप्सीत पीटीएलडी निघालं, म्हणजे ईबीव्ही व्हायरसमुळे बी पेशी बेसुमार वाढल्यात, जुना ल्युकेमिया नाही म्हणे. टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबायचं औषध) कमी केलंय, रिटुक्सिमॅबचे (बी पेशी मारणारं औषध) आठवड्याला एक असे चार डोस सांगितलेत. पहिला मुंबईत झाला, हुडहुडी भरली म्हणून सलाईन हळू केलं, सहा तास गेले. आता दर आठवड्याला कसारा घाटातून त्याला न्यायचं जिवावर येतंय. बाकीचे तीन इथे घेतले तर चालेल का?

आणि दुसरं, डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की वाढलेल्या पेशी डोनरच्या आहेत. तेव्हापासून ताई जेवत नाहीये, माझ्यामुळेच झालं म्हणते. तिला काय सांगू?

सिडकोकर: दादा, आमच्या हिच्या वेळी पुढचे डोस नाशकात झाले, पण मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र घेऊन आणि इथल्या हिमॅटॉलॉजिस्टशी त्यांचं फोनवर बोलणं करून देऊनच. हिपॅटायटिस बी चा रिपोर्ट सोबत ठेवा, रिटुक्सिमॅबने तो दबलेला असला तर उसळतो. पीसीआर (रक्तातला ईबीव्ही मोजायची टेस्ट) मात्र एकाच लॅबमध्ये करा, दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत, आम्ही उगाच आठवडाभर घाबरून बसलो होतो. टॅक्रो कमी केलंय तर अंगावर पुरळ, जुलाब, डोळे पिवळे असं काही दिसलं तर लगेच कळवा, जीव्हीएचडी (डोनरच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर उलटणं) असू शकतो.

ताईंना सांगा, हा व्हायरस नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात असतोच, तुमच्या माझ्याही. टी पेशी त्याला दाबून ठेवतात, त्या टी पेशीच औषधांनी झोपवल्यात म्हणून तो सुटला. आणि रिटुक्सिमॅबने नाहीच भागलं तर काही वेळा डोनरच्याच टी पेशी देतात, म्हणजे परत ताईच लागतील, तेव्हा जेवायला सांगा त्यांना.

धागाकर्ता: खूप आभार, ताईला आत्ताच वाचून दाखवलं, अर्धी भाकरी खाल्ली. पीसीआरचं सँपल नाशकातून मुंबईला कुणी पाठवलंय का, की पेशंटलाच न्यावं लागतं?